सिकंदरसाहेबाच्या मागावर पाच दिवस

पहिला दिवस, शनिवार : नोएडा

आमच्या आजोबांचं लहानपण ग्वाल्हेरच्या लष्करात गेलं. लष्कर म्हणजे फौज नव्हे, शहराचा भाग. दौलतराव शिंद्यांची छावणी तिथे पडली आणि पुन्हा उठलीच नाही. पणजोबा तिथे दफ्तरात कारकून होते, त्यामुळे तलवारबिलवार घरात काही नाही, पण मतं भरपूर. दिल्लीचा विषय निघाला की आजोबांचं एक वाक्य ठरलेलं असे : "दिल्ली आपल्या पलटणींनी नाही घालवली, साहेबांनी घालवली."

साहेब म्हणजे शिंद्यांच्या पदरी असलेले गोरे अधिकारी. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपलं आणि ऐन वेळी ते पलीकडे गेले. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे सगळं दीड ओळीत उरकलं होतं. निवृत्तीनंतर मला असल्या दीड ओळी उसवत बसायची खोड लागली आहे. नोएडाला मावसभाऊ राहतो, त्याच्याकडे गाडी आहे, त्यालाही माझ्यासारखाच रिकामा वेळ आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा ठरला. उत्तरेत धुक्याचे दिवस. "तुला दुसरा महिना मिळाला नाही का?" हा विनूदादाचा पहिला प्रश्न होता.

सुरुवात घराजवळच झाली. पटपडगंजची लढाई, म्हणजे ज्या लढाईत दिल्ली गेली ती, ११ सप्टेंबर १८०३ ची, आणि तिचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे. आतमध्ये म्हणजे अगदी हिरवळीवर. सभासद असल्याशिवाय प्रवेश नाही. दादाच्या शेजाऱ्यांना दोन चहा पाजून आम्ही पाहुणे म्हणून आत शिरलो. स्तंभ १९१६ साली इंग्रज सरकारने बसवला. त्यावर इंग्रजीत लिहिलंय की या जागेजवळ लुई बुर्क्वेंच्या हाताखालच्या मराठी फौजेचा जनरल जेरार्ड लेकच्या इंग्रजी फौजेने पराभव केला.

हा बुर्क्वें फ्रेंच. कलकत्त्यात आधी आचारी होता आणि शोभेची दारू करायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्या दिवशी लेकने आपल्या घोडदळाला माघारीचं सोंग घ्यायला लावलं, शिंद्यांच्या पलटणी मोर्चे सोडून मोकळ्यावर आल्या आणि फसल्या. बुर्क्वेंने लढाई संपायची वाट पाहिली नाही. तीन दिवसांनी तो इतर काही अधिकाऱ्यांना घेऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. स्तंभावर नाव मात्र त्याचंच. पळालेल्याचं नाव दगडात, आणि जे तोफांपाशी मेले त्यांची नुसती 'मराठी फौज'.

धुक्यातून कुणीतरी ओरडलं, आणि आमच्यापासून हातभर अंतरावर एक चेंडू धप्पकन पडला. शेजारी म्हणाले, आता निघूया. फोटो काढायचा राहिला.

दुसरा दिवस, रविवार : काश्मिरी गेट

सकाळी मेट्रोने काश्मिरी गेट. वहिनीही आल्या. त्यांना इतिहासात रस नाही, पण चर्च आतून कधी पाहिलं नव्हतं. नाताळ होऊन तीन-चार दिवसच झाले होते, सेंट जेम्स चर्चच्या दारावर कागदी चांदण्या अजून लटकत होत्या. पिवळसर भिंती, वर घुमट, चारही बाजू सारख्या. दिल्लीतल्या जुन्या चर्चपैकी हे एक, आणि बांधलं एका अशा माणसाने ज्याची पहिली नोकरी शिंद्यांकडची होती. कर्नल जेम्स स्किनर. शिपायांच्या तोंडी सिकंदरसाहेब.

याच माणसासाठी मी पुण्याहून आलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महादजी शिंद्यांनी उत्तरेत जी कवायती फौज उभी केली, ती डिबॉईनने. सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा हा माणूस फ्रेंचांकडे, रशियनांकडे आणि कंपनीकडे नोकरी करून १७८४ साली पाटीलबावांकडे, म्हणजे महादजींकडे, आला. त्याच्या ब्रिगेडला आपल्याकडे कंपू म्हणत. आज आपण 'त्यांचा कंपू वेगळा' म्हणतो तो हाच शब्द, फक्त तोफा गेल्या आणि रुसवे-फुगवे उरले. डिबॉईन गडगंज होऊन मायदेशी परतला आणि त्याच्या जागी पेराँ आला. पेराँ मूळचा फ्रेंच आरमारातला खलाशी, हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागल्यावर जहाज सोडून पळालेला. एक हात लढाईत गेलेला. म्हणजे शिंद्यांच्या उत्तरेकडच्या सगळ्या फौजेची मुखत्यारी ज्याच्याकडे, त्याची हिंदुस्थानातली सुरुवातच फरारीने झालेली.

स्किनरची गोष्ट वेगळी. जन्म १७७८ चा. बाप स्कॉटिश, कंपनीच्या फौजेत अधिकारी. आई रजपूत. मुलींना शाळेत घालायचं ठरलं तेव्हा पडदा मोडणार या धास्तीने आईने जीव दिला. पोराला कलकत्त्यात एका छापखान्यात उमेदवारीला बसवलं, तिथून तो तिसऱ्या दिवशी पळाला. त्याला शिपाईगिरी करायची होती. पण १७९१ साली कंपनीने ठराव केला होता की ज्याचे आई किंवा बाप हिंदुस्थानी त्याला अधिकाऱ्याची जागा नाही. चार वर्षांनी तो ठराव आणखी आवळला : अशांनी फौजेत यायचंच तर पडघम-बासरी वाजवायला किंवा घोड्यांना नाल ठोकायला. कर्नलच्या पोराला नालबंद व्हायचं नव्हतं. एका पत्राच्या जोरावर तो कोळला, म्हणजे आजच्या अलीगडला, डिबॉईनकडे आला आणि महिना दीडशे रुपयांवर शिंद्यांच्या पलटणीत लागला. वय सतरा-अठरा.

त्याने पुढे फारसीत आपल्या आठवणी लिहिल्या. त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला प्रसंग १८०० सालचा, टोंकजवळच्या उणियाऱ्याचा. शिंद्यांकडून लढताना गोळी लागून तो रणात पडला, सगळी पलटण कापली गेली. रात्र, मग दिवस, पुन्हा रात्र, आजूबाजूला जखमी आणि कोल्ही. सकाळी चांभार समाजातली एक बाई टोपलीत भाकरी आणि घागरीत पाणी घेऊन फिरत आली. प्रत्येकाला तुकडा आणि घोटभर पाणी. जगलो तर देऊळ बांधीन, म्हणजे आपल्या देवाचं, असा नवस त्याने तिथेच केला होता. पुढे त्या बाईला त्याने हजार रुपये पाठवले आणि तुला मी आईच्या जागी मानतो असा निरोप दिला. नवस फेडायला छत्तीस वर्षं लागली. नोव्हेंबर १८३६ मध्ये हे चर्च पुरं झालं.

आत अल्टरच्या पुढ्यात जमिनीत एक साधी पांढरी फरशी आहे. तोच स्किनर. ४ डिसेंबर १८४१ ला हरियाणातल्या हांसीला वारला, तिथे पुरला आणि महिन्याभराने उकरून इथे आणला. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय या महापाप्याच्या छातीवर पडावेत म्हणून मला उंबऱ्याखाली पुरा, असं तो म्हणाला होता म्हणतात. ते काही कुणी ऐकलं नाही.

आम्ही फरशीपाशी उभे होतो. मी वहिनींना १८०३ सांगायला लागलो. इंग्रजांशी युद्ध ठरलं तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्लीने, असईची लढाई जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या थोरल्या भावाने, जाहीरनामा काढला : शिंद्यांची चाकरी सोडून या, तुमचा पगार बुडणार नाही. पेराँच्या फौजेतल्या दोघा इंग्रजांनी सांगून टाकलं की आम्ही आमच्या राजाविरुद्ध लढणार नाही. झालं. पेराँने इंग्रजी रक्ताचे जेवढे होते तेवढे सरसकट काढून टाकले. त्यात स्किनर. तो पेराँकडे गेला, विनवण्या केल्या की मला ठेवा, मी जाणार नाही. पेराँ नाही म्हणाला. मग २९ ऑगस्टला कोळपाशी लेक चालून आला, पेराँचं घोडदळ जवळजवळ न लढताच फुटलं, आणि पळणारा पेराँ स्किनरला रस्त्यात भेटला. डोक्यावर टोपी नाही. स्किनर म्हणाला, अजून फौज गोळा करू. पेराँ मान हलवत म्हणाला, विश्वास नाही, कुणाचाच नाही, सगळं संपलंय, तू जा इंग्रजांकडे. दोघांची तिथे चांगलीच जुंपली.

हे सगळं स्किनरच्याच तोंडचं, तेव्हा माप थोडं स्वतःकडे झुकलेलं असणार. पण पेराँने त्याला काढलं होतं ही गोष्ट खरी.

वहिनी सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तिकडे आईमुळे नको आणि इकडे बापामुळे नको. मग त्याने जायचं तरी कुठे?"

मी आजोबांच्या वाक्याचं समर्थन करायच्या तयारीत होतो, ते तिथेच अडकलं.

लेककडे गेल्यावरही एक गंमत आहे. पटपडगंजनंतर पेराँच्या घोडदळातले सुमारे दोन हजार स्वार इंग्रजांना येऊन मिळाले. तुम्हाला सरदार कोण हवा असं विचारल्यावर ते 'सिकंदरसाहेब' म्हणून ओरडले. स्किनरने सरदारी घेतली ती एका अटीवर : मला शिंद्यांवर पाठवायचं नाही. लेकने अट मान्य केली. ते पिवळ्या अंगरख्याचे स्वार म्हणजे पुढचं स्किनर्स हॉर्स. भारतीय सैन्यात ही पलटण आजही आहे. धनी सोडला, पण धन्यावर हत्यार उचलणार नाही, हा मधला रस्ता कितीसा खरा? दोन हजार अनुभवी स्वार लेकच्या हाताखाली आले म्हणजे ते शिंद्यांच्या हातातून गेलेच की. तरी अशी अट घालावीशी वाटली यातही काहीतरी आहे. मला तरी या एका गोष्टीवरून तो माणूस आवडायला लागला. त्यामुळे मी जरा हैराणच झालो.

बाहेर आवारात स्किनर घराण्याच्या थडग्यांची वेगळी जागा आहे आणि समोर विल्यम फ्रेझरचं थडगं. हा दिल्लीचा इंग्रज अधिकारी स्किनरचा जिवलग, १८३५ साली त्याचा खून झाला. त्याच्याच भावाने स्किनरच्या आठवणी इंग्रजीत आणल्या. वहिनींनी चांदण्यांचे फोटो काढले.

हांसीला जायचा बेत होता. स्किनरचं ठाणं, जहागीर सगळं तिकडे. पण रात्री टीव्हीवर हिसारच्या रस्त्यावरचे धुक्यातले अपघात दाखवले आणि दादाने हात वर केले.

तिसरा दिवस, सोमवार : अलीगड

नऊपर्यंत घराबाहेर पडता आलं नाही. बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. दादा वायपर चालू ठेवून, काच खाली करून, डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता आणि मला शिव्या देत होता. खुर्जाच्या पुढे ऊन पडलं.

अलीगड म्हटलं की आपल्याला कुलपं आणि विद्यापीठ. किल्ला शहराच्या उत्तरेला, बरौलीच्या बाजूला आहे आणि विद्यापीठाच्या ताब्यात आहे. तिथे वनस्पतिशास्त्राची बाग आहे. फाटकावरच्या रखवालदाराने आमची नावं वहीत लिहून घेतली. 'पुना' असं लिहून विचारलं, "इतनी दूर से, ये देखने?" आपल्या डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या डोळ्यांना हा किल्ला वाटतच नाही. उंची नाही, कडा नाही. सपाट जमिनीत मातीचे जाड बांध, त्यांना बुरुजांचे कोपरे, भोवती रुंद खंदक. आता खंदकात झाडोरा आहे आणि कुठे कुठे शेवाळलेलं पाणी. पण काठावर उभं राहिलं की डाव कळतो. तोफेचा गोळा दगडी तट फोडतो, मातीत नुसता रुततो. खंदक ओलांडायला वाट एकच. ती दरवाज्यांतून वळत वळत जाणारी, आणि प्रत्येक वळणावर वरून बंदुका. फ्रेंच डोक्याचं काम आहे.

दादा म्हणाला, "मग हा पडला कसा?"

वाट दाखवली म्हणून.

ल्युकन नावाचा एक अधिकारी. शिंद्यांच्या नोकरीतला, थोडेच दिवस आधी इंग्रजांकडे गेलेला. ४ सप्टेंबर १८०३ च्या पहाटे लेकच्या ७६ व्या पलटणीच्या पुढे वाटाड्या म्हणून तो चालला. मॉन्सन हा त्या तुकडीचा सरदार. पहिल्याच दरवाज्याशी ते अडकले. लहान तोफांनी दरवाजा फुटेना, म्हणून मागून बारा पौंडी तोफ ओढत आणली. ती येईपर्यंत वीसेक मिनिटं ती माणसं त्या चिंचोळ्या वाटेत वरच्या माऱ्याखाली उभी होती. तिथेच मॉन्सनला भाल्याची जखम झाली. एकदा पहिला दरवाजा फुटल्यावर पुढे कुठे वळायचं, कुठला दरवाजा कुठे उघडतो, हे ल्युकनला तोंडपाठ होतं. तासाभरात किल्ला गेला. पेराँने वर्षानुवर्षं दारूगोळा भरून ठेवलेलं उत्तरेतलं मुख्य ठाणं, आणि तासाभरात! तीन दिवसांनी पेराँने लेकशी बोलणी पुरी केली आणि आपली कमाई घेऊन इंग्रजांच्या बंदोबस्तात सुखरूप निघून गेला. पुढे फ्रान्समध्ये इस्टेट घेऊन राहिला.

मी खंदकाच्या कडेने त्या वाटेवर चालून पाहिलं. विटांचे तुकडे, बाभळी, एका ठिकाणी शेळ्या. वळणावर थांबून मागे बघितलं तर आपण कुठून आलो ते दिसत नाही, पुढे बघितलं तर पुढचं फाटक दिसत नाही. इथे अनोळखी माणूस आंधळा. मला स्किनरविषयी काल जे वाटलं होतं ते ल्युकनविषयी वाटेना. स्किनर ढकलला गेला. हा स्वतःच्या पायांनी गेला, आणि ज्या दरवाज्यांवर पहारा दिला तेच उघडून दाखवले. अर्थात त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी इंग्रज, माझ्या राजाकडे परत आलो, यात फितुरी कसली? आजोबांना हे पटलं नसतं. मलाही पटत नाही. मीठ कुणाचं खाल्लं हा हिशेब आपल्याकडे रक्ताच्या आधी येतो.

पुढचं वर्षभर काढून त्याचा शेवट पाहिला की मात्र गप्प व्हायला होतं. १८०४ साली यशवंतराव होळकरांनी मॉन्सनची जी दाणादाण उडवली, मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पळता भुई थोडी केली, त्या मॉन्सनच्या स्वारांचा सरदार हाच ल्युकन होता. मागे राहिला, पकडला गेला आणि कैदेतच मेला. अलीगडच्या वाटेवर पुढे-मागे चाललेले दोघे वर्षाच्या आत पुन्हा एकत्र, आणि या वेळी वाट दाखवणारं कुणी नाही.

होळकरांनी तर त्यांच्या पदरच्या व्हिकर्स, टॉड आणि रायन या तीन इंग्रज अधिकाऱ्यांची डोकीच उडवली होती. इंग्रजांशी आतून संधान आहे असा संशय. होतं की नव्हतं हा प्रश्न उरला नाही. शिंद्यांकडे पेराँने काढून टाकलं, होळकरांनी कापून टाकलं. काढलेले शत्रूला जाऊन मिळाले. कापलेले नाही मिळाले, पण कापणं बघितल्यावर दुसरा कुठला गोरा होळकरांकडे राहील?

रात्री अलीगडलाच मुक्काम. हॉटेलचं नाव घेत नाही. गरम पाणी 'अभी आता है' होतं आणि सकाळपर्यंत 'अभी'च राहिलं.

चौथा दिवस, मंगळवार : हाथरस, आग्रा

हाथरसला वहिनींच्या यादीप्रमाणे हिंग. हाथरसचा हिंग प्रसिद्ध आहे आणि दुकानदार तो खात्री पटेपर्यंत नाकाशी धरतो. डबी तीन पिशव्यांत गुंडाळली, तरी पुढचे दोन दिवस गाडीला फोडणीचा वास.

आग्र्यात ताजमहालाला गेलो नाही. भगवान टॉकीजजवळची कॅथलिक दफनभूमी गाठली, कारण तिथे दुसरा ताज आहे, लाल दगडाचा. जॉन हेसिंगची कबर. उट्रेख्टचा डच, शिंद्यांकडचा आग्र्याचा किल्लेदार. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेला ताज, असं तिथे गेलेला प्रत्येक जण म्हणतो, मीही म्हटलं. मिनार नाहीत, म्हणजे चौथऱ्याच्या कोपऱ्यांना बुटके खुंट आहेत तेवढेच. पण नक्षीकाम बघण्यासारखं.

मला तारीख बघायची होती. हेसिंग मेला २१ जुलै १८०३ ला. युद्ध सुरू झालं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दोन आठवडे! दोन आठवडे आणखी जगला असता तर त्यालाही ठरवावं लागलं असतं. मराठ्यांचा एकनिष्ठ किल्लेदार म्हणून तो छान दगडाखाली झोपला आहे. आणि त्याच्या मुलावर, जॉर्जवर, ती वेळ आली. ऑक्टोबरमध्ये लेकने आग्र्याला वेढा घातला तेव्हा किल्ल्यातल्या शिबंदीने आपल्याच गोऱ्या अधिकाऱ्यांना कोंडून ठेवलं होतं. अलीगड आणि दिल्ली पाहिल्यावर त्यांचा कुणावर विश्वास उरला नव्हता. शेवटी बोलणी करायला मात्र त्याच कोंडलेल्यांतला एक, सदरलँड, बाहेर पाठवावा लागला. १८ ऑक्टोबरला किल्ला गेला.

संध्याकाळी दादाने पंछी पेठ्याचा आग्रह धरला. आग्र्यात तेवढ्या नावाची इतकी दुकानं आहेत की खरं कुठलं यावर आमचं अर्धा तास भांडण झालं. कुठलं तरी घेतलं.

पाचवा दिवस, बुधवार : लासवारी

भरतपूर, डीग, मग अलवर जिल्हा. डीगचा किल्ला लांबून पाहिला, उतरलो नाही. नकाशात लासवारी सापडायला वेळ लागला. आता गावाला नसवारी म्हणतात. फोनने दोनदा शेतात नेलं.

१ नोव्हेंबर १८०३. इथे जी फौज लढली ती शिंद्यांच्या दक्षिणेतून आलेल्या पलटणी, शिवाय दिल्लीहून निसटून आलेले शिपाई. त्यांचा गोरा सेनापती दुद्रनेक, आधी होळकरांकडे, मग शिंद्यांकडे, आणि लढाईच्या महिनाभर आधी मथुरेत इंग्रजांच्या स्वाधीन. म्हणजे लासवारीला साहेब कुणीच नव्हता. शिंद्यांचे सरदार अंबाजी इंगळे होते. लेक येतोय कळल्यावर त्यांनी एका तळ्याचा बांध फोडून रस्ता चिखल करून टाकला. तोफांना साखळ्या लावून रांग केली, समोर उंच गवत. लेकचं घोडदळ रात्रभर मजल मारून आलं, पहाटे त्या तोफांवर घुसलं आणि आरपार जाऊनही काही हाती न लागता परत फिरलं. दुपारी पायदळ पोचल्यावर खरी लढाई. लेकचा घोडा मेला. मुलाने बापाला आपला घोडा दिला आणि त्याच क्षणी तो स्वतः बापासमोर गोळी लागून पडला. (वाचला पुढे.) मेजर जनरल वेअर ठार झाला. आठशेच्या वर इंग्रजी फौजेची माणसं मेली किंवा जायबंदी झाली. शिंद्यांकडची सात हजार म्हणतात. सत्तरावर तोफा गेल्या. लेकने लिहिलं की एवढ्या बिकट प्रसंगात मी आयुष्यात सापडलो नव्हतो, त्यांचे गोलंदाज संगिनीने भोसकले जाईपर्यंत तोफांपासून हलले नाहीत, आणि यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती.

हे शेवटचं वाक्य मला वाचताना नेहमी खटकतं. फ्रेंच अधिकारी दिल्लीला होते की! काय झालं तिथे?

पण उलटही आहे. असईला, दिल्लीला, लासवारीला जी पलटण जागची हलली नाही ती डिबॉईननेच घडवली होती. साहेबांनी घालवली हे आजोबांचं वाक्य मान्य केलं तर साहेबांनी उभी केली हेही घ्यावं लागतं. आणि मला पहिल्या दिवसापासून दुसरीच गोष्ट टोचते आहे. महादजींनी सगळा कंपू एका माणसावर सोपवला, जहागीर त्याच्या नावे, पगार त्याच्या हातून. शिपायाला धनी दिसायचा तो साहेब. मग साहेबाने टोपी टाकून पळ काढला तर मागच्यांनी कुणाकडे बघायचं? तरी ते लढले. कुणाकडे बघून लढले हे मला कुठल्याच कागदात सापडलं नाही. गोऱ्यांनी आठवणी लिहिल्या, त्या गोलंदाजांना लिहिता येत होतं की नाही कोण जाणे.

दुपारचं ऊन. लांबवर मोहरी, पिवळीधमक. त्या पिवळ्यावरून मला स्किनरच्या स्वारांचे अंगरखे आठवले आणि मग मी स्वतःलाच रागावलो, की इथे तरी त्याला आठवू नये. ओढ्याला पाणी घोट्याएवढं. स्मारक आम्हाला दिसलं नाही. शेताच्या बांधावर चपला काढून मी थोडा वेळ उभा राहिलो. चपला का काढल्या, ते दादाने विचारलं नाही हे बरं.

गावाच्या कडेला चहाची टपरी होती. बाजेवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने आमची गाडी, दिल्लीकडचा नंबर, माझ्या हातातला नकाशा सगळं नीट बघून घेतलं.

"जमीन देखने आए हो?"

दादा म्हणाला नाही, इथे एक लढाई झाली होती, दोनशे वर्षांपूर्वी, ती जागा बघायला आलोय. आमची माणसं लढली होती इथे.

आमची माणसं! पणजोबा कारकून, त्यांच्या आधीच्यांचा पत्ता नाही. मी काही बोललो नाही.

म्हातारा विचारात पडला. चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "किसकी तरफ से?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सिंधिया की तरफ से."

"अच्छा," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "तो जमीन नहीं लेनी?"